एक्सिलेटरवरचा पाय

मंगळवारी सकाळी कमलाकर गॅरेजच्या दारात चहा पीत उभा होता, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक राखाडी गाडी वळली. आजारातून उठलेलं माणूस भिंतीला धरून चालतं, तशी ती येत होती. मागे दोन रिक्षावाले हॉर्न मारमारून थकले होते. पनवेलच्या एसटी स्टँडमागची ती गल्ली आधीच अरुंद, त्यात ही गाडी धड पुढेही जाईना आणि बाजूलाही होईना.

कमलाकरला त्यात नवल वाटलं नाही. त्याच्याकडे अशाच गाड्या यायच्या. इंजिन खोलायला, गिअरबॉक्स उतरवायला दुसरी गॅरेजं होती. ज्या दुखण्याचा पत्ता लागत नाही, डॅशबोर्डवरची लाइट पेटते पण कशामुळे ते कळत नाही, पाय दाबला तरी गाडी रेस घेत नाही, अशी दुखणी उरणपासून कळंबोलीपर्यंतचे मिस्त्री त्याच्याकडे पाठवायचे. पन्नाशी ओलांडलेला, हळू बोलणारा माणूस. गाडी कुणाचीही असो, आधी बॉनेटवर हात ठेवायचा आणि मगच गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर काढायचा. लोक त्यावरून त्याची थट्टा करत. वैद्यबुवा नाडी बघतात, म्हणत.

गाडी दारात थांबली आणि त्यानं नंबर वाचला. चहाचा घोट तोंडातच राहिला.

ती निकेशची गाडी होती.

निकेशला जाऊन वर्ष होत आलं होतं. बेलपाड्याचा पोरगा, उरणजवळ द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. संध्याकाळी कामावरून घरी परतताना उरणच्या रस्त्यावर मागून ट्रेलर आला आणि त्याच्या गाडीवर चढला. मागची बाजू चेपून पुढच्या सीटपर्यंत आली होती. पुढचं इंजिन मात्र जसंच्या तसं राहिलं. पुढच्या काचेलासुद्धा तडा नव्हता म्हणे.

गाडीतून उतरला तो निकेशचा चुलता, दाजी. घाम पुसत त्यानं बसायला स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. गाडीचा मागचा पत्रा सरळ करून, रंग मारून झाला होता. एक गिऱ्हाईक बघायला आलं, फेरी मारून परत आलं आणि म्हणालं, लाइट पेटलीय, पिकअप मेलाय, अशी गाडी नको. येत्या सोमवारी निकेशचं वर्षश्राद्ध. त्याच्या आत गाडी दारातून गेली पाहिजे, कारण निकेशच्या आईला, चंद्रावतीला, ती बघवत नव्हती.

मग दाजीनं आवाज खाली आणला. "तुला म्हनून सांगतो. तो फोनवर होता ना त्या टायमाला. बायकोशीच बोलत होता. वहिनी तोंडानं काय रोज तिला दोष देत नाय, पन घरात आता त्याबिगर दुसरं कायच उरलं नाय. ती पोरगी सोताच म्हनते, माज्यामुलं झालं. श्राद्ध झालं का करंजाला माहेरी जाते म्हनते. वरीस झालं, फोनला हात लावला नाय तिनं."

 कमलाकरनं किल्ली घेतली आणि खिळ्याला अडकवली.

या धंद्यात एक पाप आहे आणि ते सगळेच करतात. ते कसलं, हे समजायला थोडं गाडीबद्दल सांगावं लागेल. पूर्वी एक्सिलेटर दाबला की तार ओढली जायची आणि इंजिनात हवेची झडप उघडायची. आता तार नाही. पाय किती दाबलाय हे पेडलखालचा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर झडपेला उघडायला सांगतो आणि झडप आपण किती उघडलो ते उलट कळवते. या निरोपांचा मेळ बसला नाही की कॉम्प्युटर घाबरतो. झडप जेमतेम फटीएवढी ठेवतो, दिवा पेटवतो, आणि तुम्ही कितीही पाय दाबा, गाडी मुंगीच्या पावलानं चालते. त्या वेळी नेमकं काय घडत होतं, त्याचं एक चित्रही गाडी स्वतःपाशी जपून ठेवते. जाणत्यानं ते चित्र आधी वाचावं, लिहून घ्यावं, दोष शोधावा आणि मगच दोषाचा कोड पुसावा. पण गिऱ्हाईक घाईत असतं. म्हणतं, दादा, लाइट तेवढी घालवून द्या. एक बटण दाबलं की लाइट जाते, चित्रही पुसलं जातं आणि गाडी काही वेळ शहाण्यासारखी चालते. दोष आत तसाच बसलेला असतो.

वर्षापूर्वी एका सकाळी साडेआठला निकेश असाच आला होता. कळंबोलीच्या पुलावर गाडीनं एकदा दम सोडला होता. गॅरेजात चार गाड्या उघड्या पडल्या होत्या. निकेश गाडीतून उतरलाही नाही. म्हणाला, दादा, रविवारी गाडी सोडतो तुमच्याकडे, आज तेवढी लाइट घालवा, कामावर उशीर होतोय. कमलाकरनं खिडकीतून हात घालून स्कॅनर लावला. झडपेचे दोन कोड दिसले. त्यानं ते नीट वाचलेही नाहीत. पुसून टाकले. निकेश हसला, सुई मारलीत ना डॉक्टर, म्हणाला, आणि गेला.

त्याच संध्याकाळी तो गेला.

बातमी कळली तेव्हा कमलाकरनं स्वतःला समजावलं होतं. ट्रेलर मागून आला. फोन चालू होता, पंचनाम्यातही तसंच आहे. आपला काय संबंध. हे तो वर्षभर रोज थोडं थोडं स्वतःला सांगत आला होता, आणि त्याचा विश्वास काही बसला नव्हता.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता बाजारपेठ जेवायला गेली. पनवेलची ती वेळ मोठी विचित्र असते. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, हातगाडीवाले गाडीखालीच आडवे होतात, आणि दहा मिनिटांपूर्वी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं कुत्रं चाललं तरी नखांचा आवाज येतो. कमलाकरनंही शटर कमरेपर्यंत ओढलं. जमिनीवर उन्हाचा एक पट्टा उरला, बाकी गॅरेज सावलीत गेलं.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला. मग दार उघडून स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन लावली, इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली आणि तो टॅबएवढा पडदा घेऊन बाहेर स्टुलावर बसला. पडद्यावर त्यानं दोन रेघा लावल्या. वरची हिरवी, पेडल किती दाबलंय त्याची. खालची पिवळी, झडप किती उघडलीय त्याची. कुणी पेडलला हात लावला नसेल तर दोन्ही तळाशी सरळ पडून राहायला हव्यात. तशा त्या होत्या.

कमलाकरनं डबा उघडला. पहिला घास घेतला तेव्हा त्याला वास आला. डब्यातल्या भाजीचा नव्हे. खारट, ओल्या चिखलाचा. उरणच्या रस्त्याला मिठागरं आहेत, तिथून संध्याकाळी जाताना येतो तसा. बाजारात कुठून यावा तो. त्यानं मान वर करून शटरकडे बघितलं. बाहेर पांढरं ऊन होतं, वारा नव्हता.

पडद्यावर हिरवी रेघ उठली.

ती हळू वर चढली, पस्तीस टक्क्यांपर्यंत, आणि खाली आली. पुन्हा चढली. मग पटपट दोनदा खालीवर झाली. आणि मग एका दमात शंभरावर जाऊन थांबली. पूर्ण दाबलेलं पेडल. पिवळी रेघ तळाशी होती तशीच होती, जेमतेम सहा टक्के. झडप हलली नव्हती.

हिरवी रेघ शंभरावर थांबून राहिली. कमलाकर नकळत मोजत गेला. नऊ, दहा, अकरा. आणि रेघ तुटल्यासारखी एकदम शून्यावर पडली.

त्यानं घास खाली ठेवला आणि गाडीत वाकून बघितलं. पेडल जागच्या जागी होतं. रबरावर धूळ होती, तीही न विस्कटलेली.

सेन्सर बिघडला की रेघ नाचते, हे त्याला माहीत होतं. पण ती करवतीच्या दातांसारखी नाचते, तिला मन नसतं. ही रेघ तशी नव्हती. हिच्यात पाय होता. आधी सवयीनं दाबणारा, मग गोंधळलेला, मग दोनदा दाबून बघणारा, आणि मग सगळा जोर एकवटून... कमलाकरनं असे हजार पाय पडद्यावर बघितले होते. घाबरलेला पाय त्याला ओळखू येत होता.

पाच मिनिटांनी रेघ पुन्हा उठली. तीच चाल, तेच अकरा सेकंद.

कमलाकर उठला.  त्यानं पेडलचा कपलर काढला, म्हणजे पेडलचा आणि गाडीचा संबंधच तुटला. आता पडद्यावर पेडलचा दोष दिसायला हवा होता आणि रेघ मरायला हवी होती. तो पुन्हा स्टुलावर येऊन बसला. गल्लीत कुठेतरी पंख्याचं पातं घासत होतं, तेही थांबलं. खाऱ्या चिखलाचा वास आता इतका दाट झाला होता की जिभेवर चव यावी.

हिरवी रेघ उठली. पस्तीस. खाली. पुन्हा वर...

"निकेश..." तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

रेघ थांबली. चाळिसावर, मध्येच. नुसती थरथरत राहिली, कुणी हाक ऐकून कान द्यावा तशी. मग सावकाश खाली गेली आणि त्या दुपारी पुन्हा उठली नाही.

स्कॅनर जुन्या नोंदी ठेवतो. कमलाकरनं गाडीचा नंबर घालून मागची नोंद काढली. वर्षापूर्वीची तारीख, सकाळी आठ बत्तीस. दोन कोड. पुढे एकच शब्द, क्लिअर्ड.

संध्याकाळी घरी त्यानं बायकोला, किशोरीला, सगळं सांगितलं. लाइट घालवल्याची गोष्टही सांगितली, जी त्यानं वर्षभर पोटात ठेवली होती. किशोरी पोळ्या लाटत होती. रेघेबद्दल ऐकताना तिनं एकदाच वर बघितलं, पण हसली नाही. तो म्हणत राहिला, आता सांगून काय होणार, पोर तर परत येत नाही, गावातली माणसं गॅरेज पेटवून देतील, पोलीस येतील, वीस वर्षांचं नाव जाईल.

किशोरीनं गॅस बंद केला. "अहो, ते सगळं होईल कदाचित. पण ती करंजाची पोरगी वर्षभर तुमचं ओझं वाहतेय. तिला माहीतही नाही की ते तुमचं आहे."

तो जेवला नाही. तिनंही आग्रह केला नाही.

बुधवारी दिवसभर त्यानं दुसरी एकही गाडी घेतली नाही. बॅटरी काढली, तिच्याखालची पत्र्याची थाळी उचलली आणि झडपेकडे जाणारी वायरिंग हाताच्या बोटांनी चाचपत गेला, केसांतली गाठ शोधावी तशी. संध्याकाळच्या सुमाराला सापडली. थाळीच्या कडेला घासून एका वायरीची साल निघाली होती. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. खड्डा आला, गाडी डुचमळली की ती पत्र्याला टेकायची, आणि झडपेचा निरोप वाटेतच मरायचा. टेकत नसे तेव्हा सगळं ठीक. वर्षापूर्वी त्या सकाळी अर्धा तास दिला असता तर सापडली असती. अर्धा तासही कशाला, वीस मिनिटं.



मग त्यानं वायर बदलली, वरून जाड नळी चढवली, थाळीची कड घासून गोल केली. झडप काढून साफ केली. दोन्ही रेघा आता त्याच्या पायाबरोबर खालीवर झाल्या, एकीला दुसरीनं लगेच साथ दिली. दोष गेला. पण त्यानं पाय काढून घेतल्यावर थोड्या वेळानं हिरवी रेघ आपली आपण उठली. इंजिन बंद होतं तेव्हा, आणि तो तिथं एकटा होता तेव्हा.

गुरुवारी दुपारी त्यानं चंद्रावतीला आणि निकेशच्या बायकोला, अंकिताला, बोलावून घेतलं. दाजी त्यांना रिक्षानं घेऊन आला, आणि गाडीकडे एकदा बघून बाहेर पायरीवर जाऊन बसला. चंद्रावती उंच, काटक बाई, साडीचा पदर दातात धरलेला. तिच्या मागे दोन पावलांवर अंकिता. सव्वीस-सत्तावीसची असेल, पण चालताना पाय उचलत नव्हती. किशोरी त्या दिवशी गॅरेजात येऊन बसली होती. तिनं दोघींना पाणी दिलं. चंद्रावतीनं घेतलं नाही.

कमलाकर उभ्यानंच बोलला. वाटेत एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. निकेश सकाळी आला होता. गाडीत दोष होता. मी बघितला आणि शोधला नाही, नुसती लाइट घालवली. संध्याकाळी रस्त्यात गाडीनं दम सोडला. मागून ट्रेलर येत होता आणि गाडी पुढे जाईना. तो फोनमुळे नाही गेला. त्याला झोप नव्हती लागली, त्याचं लक्षही होतं. तो अकरा सेकंद पूर्ण जोरानं पाय दाबून होता.

"अकरा सेकंद," चंद्रावती म्हणाली. "तुमाला कसं ठावं?"

त्यानं मंगळवारच्या रेघा पडद्यावर पुन्हा लावून तिच्यासमोर धरल्या. तिला त्यातलं काही कळेना. रेघा उठल्या, पडल्या, ती बघत राहिली. मग ती गाडीजवळ गेली, उघड्या दारापाशी जमिनीवर बसली आणि तिनं आपला उजवा हात आत घालून तळवा पेडलवर ठेवला. लहान मुलाच्या पोटावर ठेवावा तसा. का, ते तिलाच ठाऊक.

गॅरेजात खाऱ्या चिखलाचा वास भरत आला. किशोरीनं पदर नाकाला लावला, म्हणजे तिलाही येत होता.

हिरवी रेघ उठली.

पेडल हललं नव्हतं, हे कमलाकरनं डोळ्यांनी बघितलं. पण चंद्रावतीचा हात दबत गेला. वरून कुणी भार टाकावा तशा हाताच्या मागच्या शिरा फुगल्या, मनगट वाकलं. तिचं तोंड वेदनेनं उघडलं, आवाज आला नाही. कमलाकर पुढे झाला तशी तिनं डावा हात वर करून त्याला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे..." ती पुटपुटली. "दाबतोय... माजा पोर दाबतोय..."

अकरा सेकंद तिनं हात काढला नाही. रेघ तुटली तेव्हा तिनं तळवा बाहेर घेतला. त्यावर पेडलच्या रबराच्या आडव्या पट्ट्या उठल्या होत्या, लालभडक.

तेव्हा अंकिता बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून होती.

"मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "मी फोन केला होता, येताना दूध आणा म्हणून. ते हो म्हणाले. मग बोलायचे थांबले. फोन सीटवर टाकला वाटतं. मग लांबून आवाज आला, दाबलाय, अरे दाबलाय ना... दोनदा. मला वाटलं माझ्यावरच चिडलेत. मी पण रागानं गप्प बसले. त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही मी... शेवटी."

"आन तू ह्ये वरीसभर सांगितलं नायस?" चंद्रावतीनं विचारलं.

"काय सांगू आई? माझ्यावर चिडून गेले, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

चंद्रावती तशीच जमिनीवर बसली होती. तिनं पट्ट्या उठलेला तो हात सुनेपुढे धरला. अंकिता येऊन तिच्याशेजारी बसली आणि तिनं तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. दोघी रडल्या नाहीत. किशोरीच तेवढी तोंड वळवून रडत होती.

थोड्या वेळानं अंकितानं विचारलं, "दादा, आता गाडी नीट आहे?"

"हो."

"पाय दाबला तर पळेल?"

"पळेल," कमलाकर म्हणाला.

"मग चालू करा."

त्याला नाही म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांकडे बघून त्यानं गाडी न्यूट्रलला असल्याची खात्री केली, हँडब्रेक ओढला, बाहेरूनच किल्ली फिरवली आणि मागे सरला. इंजिन सुरू झालं, शांत, एका लयीत. गाडीत कुणी नव्हतं. गॅरेजातली चारही माणसं गाडीबाहेर होती.

अंकिता उघड्या दारातून आत झुकली, मांडीवर कुणी झोपलेलं असावं आणि त्याला उठवावं तशी. कमलाकरला तिचे शब्द जेमतेम ऐकू आले.

"दाबा आता... घेईल ती."

बराच वेळ काही झालं नाही. मग हिरवी रेघ उठली आणि या वेळी पिवळी तिच्याबरोबर उठली. इंजिनाचा आवाज चढला. पस्तीस, खाली, मग गोंधळ नाही, घाई नाही, एका दमात वर. सगळं गॅरेज थरथरलं, भिंतीवरचे पाने खणखणले, बाहेर गल्लीतलं कुत्रं केकाटत पळालं. कमलाकरनं मोजलं. अकरा झाले. रेघ तुटली नाही. बारा, तेरा, चौदा. मग मोकळा रस्ता लागल्यावर माणूस जसा पाय हलका करतो, तशी ती सावकाश उतरत आली आणि तळाशी जाऊन निजली. इंजिन पुन्हा लयीत चालू लागलं. वास गेला होता.

चंद्रावती उठली. कमलाकरकडे ती आली तेव्हा तो मार खायच्या तयारीनं उभा होता. तिनं त्याला माफही केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत.

"तुमाला मी काय बोलू?" ती म्हणाली. "तुमी सांगितलंव, ह्ये तुमचं तुमच्यापाशी. गाडी विकाची नाय आता. उद्या घरी आनून सोडा. पोराला घरी याचं होतं."

जाताना दोघी एकाच रिक्षात मागे बसल्या, आणि दाजी पुढे ड्रायव्हरच्या सीटवर अर्धा टेकला. कमलाकरनं शटर पूर्ण खाली ओढलं, दोन्ही कुलपं लावली आणि किल्ल्या किशोरीच्या पर्समध्ये दिल्या. कित्येक महिन्यांत आली नव्हती अशी झोप त्याला आली.

शुक्रवारी सकाळी सातला त्यानं शटर उघडलं. गाडी जागेवर होती. त्यानं सवयीप्रमाणे बॉनेटवर हात ठेवला. पत्रा गार होता, डिसेंबरच्या सकाळी असतो तसा. नेण्याआधी एकदा सगळं बघून घ्यावं म्हणून त्यानं स्कॅनर लावला. कोड एकही नव्हता. रेघा तळाशी. आणि इंजिनाचं तापमान, अठ्ठ्याऐंशी.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ते वीस-बावीस असायला हवं. तासभर रस्त्यावर धावून आलेल्या गाडीत अठ्ठ्याऐंशी असतं. त्यानं तापमानाचा सेन्सर काढून तपासला, हातात धरला, गार पाण्यात बुडवला. त्यानं आकडा पाण्याचाच दाखवला. सेन्सर खोटं बोलत नव्हता. पुन्हा बसवला तर पुन्हा अठ्ठ्याऐंशी. त्यानं पुन्हा बॉनेटवर हात ठेवला. गार.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. गाडी काढली आणि बेलपाड्याला निघाला. वाटेत गाडी सुरेख चालली, पायाच्या इशाऱ्यावर.

खारघरच्या उंच इमारतींमध्ये बेलपाड्याची जुनी घरं अजून दाटीवाटीनं उभी आहेत. निकेशचं घर तीन मजली, पण पुढे थोडं मातीचं अंगण राखलेलं होतं. सोमवारच्या विधीसाठी ते गुरुवारी संध्याकाळीच शेणानं सारवलं होतं, अजून पुरतं वाळलंही नव्हतं. लोखंडी फाटक सताड उघडं होतं. चंद्रावती अंगण झाडत होती. तिच्या तोंडावर वर्षाच्या जागरणाचं काही उरलं नव्हतं.

कमलाकरनं फाटकासमोर गाडी थांबवली आणि आत वळवायला स्टिअरिंग फिरवलं. तेवढ्यात त्याची नजर जमिनीवर गेली. ओल्या सारवणावर गाडीच्या चाकांच्या दोन रेघा उठल्या होत्या, ताज्या, फाटकातून आत गेलेल्या, थेट पायरीपर्यंत. बाहेर येणाऱ्या रेघा नव्हत्या. अंगण रिकामं होतं.

चंद्रावतीचा झाडू त्या दोन रेघांना सांभाळून, बाजूबाजूनं चालला होता. तिनं मान वर केली, गाडी बघितली, आणि शेजाऱ्याला सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली,

"तुमी भायेरच लावा, दादा. आत जागा नाय."